काजिवारांच्या पायाखालचा खोका

शनिवारी संध्याकाळी आठला तीन मिनिटे कमी असताना, कामिउरा बंदरातल्या मासळी बाजारासमोर, काजिवारा सेइजिरो यांनी शिन्वा पक्षाच्या शेवटच्या प्रचारसभेत मतदारांना सांगितले, "उद्या मतपत्रिकेवर ठळक अक्षरांत नाव लिहा. काजिवारा सेइजिरो!"

या निवडणुकीत काजिवारा सेइजिरो उभे नाहीत. उभा आहे तो त्यांचा मुलगा, काजिवारा ताकाफुमि. तो त्या वेळी वडिलांपासून हातभर अंतरावर होता.

मित्रांनो, इथपर्यंतची हकिगत तुम्हाला कोणीही सांगेल. पण त्या क्षणी सेइजिरो यांच्या तळपायांखाली मी होतो, आणि तिथे काय घडले ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी संत्र्यांचा खोका आहे. देवदाराच्या फळ्यांचा, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या मारलेला, आता जुना झालेला. पण गेली कित्येक वर्षे माझ्यात एकही संत्रे पडलेले नाही. मला पालथा घालतात आणि माझ्यावर माणूस उभा राहतो.

माझा जन्म कामिउराच्या वरच्या अंगाला, मुकाइ यांच्या बागेत झाला. तिथे समुद्राकडे तोंड करून दगडी बांधांच्या पायऱ्या उतरत येतात आणि प्रत्येक पायरीवर संत्र्यांची झाडे आहेत. एका हिवाळ्यात वादळाने जुना देवदार पाडला. बागेचे मालक मुकाइ सोहाचि यांनी त्याच्या फळ्या पाडल्या आणि उरलेल्या चांगल्या लाकडातून दोन खोके ठोकले. एक मी, दुसरा माझा जुळा. दोघांच्या आखूड बाजूवर सोहाचि यांनी तापल्या लोखंडाने बागेचा शिक्का डागला. त्यांनी आधी त्याला डागले, मग मला. तेवढ्यात लोखंड थोडे निवले होते. म्हणून माझा शिक्का जरा फिकट आहे. ही गोष्ट मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

त्याच हंगामात सेइजिरो बागेत आले. शेतकरी संघाच्या कचेरीत काम करणारा एक तरुण, अंगाने बारीक, उंचीने त्याहून कमी. त्यांना निवडणूक लढवायची होती. तोडणीला आलेल्या बायकांपुढे ते बोलू लागले, पण मागच्यांना आवाज येई आणि माणूस दिसेना.

"अरे, बोलतंय कोण? रेडिओ लावलाय का?" मागून कोणी तरी म्हणाले, आणि सगळ्या हसल्या.

सोहाचि यांनी हाताला आला तो खोका रिकामा केला, पालथा घातला आणि म्हणाले, "चढ रे बाबा. निदान तोंड तरी दिसू दे तुझं."

तो खोका मी होतो. माझ्यातली संत्री त्यांनी माझ्या जुळ्यात ओतली. तो काठोकाठ भरला आणि मी रिकामा झालो. त्या दिवशी मला वाटले, मी जिंकलो.

सेइजिरो खरोखरच जिंकले. मग सोहाचि यांनी मला त्यांना देऊनच टाकले आणि स्वतः त्यांच्या समर्थक मंडळाचे कामिउराचे प्रमुख झाले. पुढच्या सात निवडणुका मी त्यांच्या पायाखाली काढल्या. स्टेशनसमोर, बंदरावर, देवळाच्या पायथ्याशी, बर्फाच्या भुरभुरीत. त्यांच्या पत्नी सातोए नेहमी माझ्या डाव्या अंगाला जमिनीवर उभ्या राहत आणि ते वाकले की त्याही वाकत. त्या माझ्यावर कधी चढल्या नाहीत. पण मला उचलायच्या त्याच, ठेवायच्या त्याच, आणि घरी नेल्यावर ओल्या फडक्याने पुसायच्याही त्याच.

माणसाचे पाय खूप बोलतात, मित्रांनो. सेइजिरो आकडे सांगत तेव्हा त्यांचे वजन उजव्या पायावर जाई. राजधानीतल्या कोणाची स्तुती करायची असली की ते आळीपाळीने पाय बदलत. आणि भाषणाच्या अखेरीस मतदारांना आपले नाव सांगताना ते चवड्यांवर उंच होत. आमच्याकडे मतपत्रिका कोरी असते. आत ठेवलेल्या पेन्सिलीने मतदाराने उमेदवाराचे नाव स्वतः लिहायचे असते. म्हणून प्रत्येक उमेदवार घसा बसेपर्यंत नावच सांगतो. 'काजिवारा' म्हणताना चवड्यांवर एकदा, 'सेइजिरो' म्हणताना पुन्हा एकदा. माझी मधली फळी त्या दोन दाबांनी थोडी खोलगट झाली आहे.

वर्तमानपत्रे त्यांना 'खोक्यावरचे खासदार' म्हणत. मला ते नाव फार आवडे. मात्र निवडून आल्यावर छायाचित्रात मधली जागा मिळे ती लाल दारुमा बाहुल्याला. निवडणुकीआधी त्याचा एक डोळा रंगवायचा आणि जिंकल्यावर दुसरा. लोक टाळ्या वाजवत, कॅमेरे चमकत. ज्याला मुळात पायच नाहीत, त्याचे एवढे कौतुक! मी तेव्हा बाहेर, चपलांच्या फळीशेजारी असे.

पुढे कामिउराच्या रुग्णालयातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. सोहाचि आपल्या मुलीला, हात्सुनेला, घेऊन काजिवारांच्या घरी आले. ती तेव्हा पोटुशी होती.

"सेइजिरो, आता हिनं बाळंत व्हायला डोंगर ओलांडून जायचं का?"

"सोहाचि-सान, वरून ठरलंय. मी बोललो होतो."

"कुठं बोललास?"

सोहाचि उठले, दारात माझ्याकडे एकदा पाहिले आणि गेले. त्यांनी मंडळ सोडले. मला मात्र परत मागितले नाही. काही दिवसांनी पक्षाच्या कचेरीतून निळे कापड आले आणि माझा शिक्का त्याखाली झाकला गेला. एका बागेचे नाव कशाला मिरवायचे, असे कोणी तरी म्हणाले होते.

त्यानंतर पक्षाने टपावर कठडा असलेली मोटार घेतली. सेइजिरो शिडीने वर चढू लागले आणि मी कोठीत गेलो. या वसंतात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात अजून पुरता वळत नाही. त्यांनी खासदारकी सोडली. तेव्हा सातोए यांनी मला कोठीतून काढून मागच्या ओसरीखाली ठेवले, म्हणजे सेइजिरो यांना अंगणात उतरायला एक पायरी होईल. ते दिवसातून दोनदा चपला घालून माझ्यावर पाय ठेवत, झाडांना पाणी घालत आणि परत चढत. भाषण नाही, टाळ्या नाहीत. पण मला तेवढेही पुष्कळ होते.

शरदात संसद बरखास्त झाली. ओसरीच्या काचेतून मला दूरचित्रवाणी दिसते. सभापतींनी बरखास्तीचा आदेश वाचला आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या सभासदांनी दोन्ही हात वर करून 'बान्झाइ'चा घोष केला. ज्यांच्या खुर्च्या गेल्या तेच जयघोष करतात, असा तो जुना प्रकार आहे. इकडे घरात सेइजिरो यांनीही हात वर केले. उजवा पूर्ण, डावा खांद्यापर्यंत.

"खाली करा हात," सातोए भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तुम्ही नाही आहात तिथं."

"माहीत आहे गं."

"मग?"

"आपोआप गेले वर."

शिन्वा पक्षाने ताकाफुमि याला उमेदवारी दिली. वय एक्केचाळीस, राजधानीतल्या कंपनीत नोकरी, आवाज गोड आणि उंची भरपूर. त्याला खोका लागत नाही. पण हवा पूर्वीची नव्हती. शिन्वा पक्षाचा वर्षानुवर्षांचा जोडीदार पक्ष या खेपेला बाजूला झाला होता. त्यांची हक्काची मते कोणाकडे जातील, हे कोणालाच सांगता येईना. आणि समोर छोट्या अकेबोनो पक्षाने उभे केले होते मुकाइ हात्सुने हिला.

प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी मी तिला पडद्यावर पाहिले. बंदराच्या धक्क्यावर ती बोलत होती. बापासारखीच ठेंगणी. आणि तिच्या पायाखाली माझा जुळा होता.

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटले ते मी मऊ शब्दांत सांगणार नाही. माझ्या फळ्या आतून तापल्या. त्याची डावी बाजू केव्हा तरी बदललेली होती, अर्धा तर तो नवाच होता. त्याच्या फटींत पानांचा चुरा अडकला होता. त्याने आयुष्यात कधी एक घोषणा ऐकली नव्हती. आणि वार्ताहर बाई गुडघे टेकून त्याच्या शिक्क्यावर कॅमेरा रोखत होत्या! "मातीत राबलेला अस्सल खोका," त्या म्हणाल्या. अस्सल! सात निवडणुका मी काढल्या आणि अस्सल तो!

सेइजिरो ती बातमी पाहत होते. रात्रीच्या बातमीपत्रात ती पुन्हा दाखवली, तेव्हा त्यांनी पुन्हा पाहिली. सकाळीही पाहिली.

"किती वेळा बघणार आहात?" सातोए यांनी विचारले.

"गर्दी मोजतोय."

"कुणाची? ताकाफुमिची मोजा की."

"त्याची मोजायला वेळ लागत नाही."

सातोए यांनी हातातला पेला जरा जोराने ठेवला. "हे त्याच्यासमोर बोलू नका."

"त्याच्यासमोर मी काहीच बोलत नाही. तो मला विचारतो कुठं?"

मी त्यांची पावले ओळखतो. त्या दिवसापासून अंगणात उतरताना ते माझ्यावर क्षणभर थांबू लागले. नुसती पायरी म्हणून पाय ठेवणारा माणूस असा थांबत नाही.

शेवटच्या आठवड्यात हात्सुनेची गाडी आमच्या गल्लीतून गेली. आमच्याकडे प्रचारात घरोघरी जाऊन मते मागायला बंदी आहे, पण विरोधी उमेदवाराच्या घरावरून किंवा गाडीजवळून जाताना भोंग्यावरून शुभेच्छा देण्याची रीत आहे. बहुतेक जण ती उरकतात. हात्सुनेने गाडी हळू करायला लावली आणि माइक हातात घेतला.

"काजिवारा काका, तब्येत सांभाळा. ताकाफुमि-सान यांनाही मनापासून शुभेच्छा. दोघंही चांगली लढत देऊ."

सेइजिरो अंगणात होते. ते घाईने ओसरीकडे वळले. मला वाटले, आत जाणार. पण ते माझ्यावर चढले, कुंपणावरून दिसावे म्हणून, आणि गाडीकडे वळून कमरेतून वाकले. वसंतानंतर पहिल्यांदा त्यांचे दोन्ही पाय पूर्ण भाराने माझ्यावर होते. गाडीमागून वीसेक माणसे चालत होती. त्यांत कामिउराच्या जुन्या समर्थक मंडळाची माणसेही होती. त्यांनीही वाकून नमस्कार केला आणि ती तिच्या मागून निघून गेली.

"आवाज थेट बापाचा आहे," सेइजिरो म्हणाले.

"उतरा आता, चक्कर येईल," सातोए म्हणाल्या.

ते लगेच उतरले नाहीत.

शुक्रवारी ताकाफुमि घरी आला. बसला नाही. ओसरीच्या कडेला उभा राहूनच बोलला.

"बाबा, उद्या शेवटची सभा मासळी बाजारासमोर आहे. कचेरीतले म्हणतायत की तुम्ही यावं. तीन मिनिटं बोलायचं."

"कचेरीतले म्हणतायत. तू काय म्हणतोस?"

"मी पण तेच म्हणतो. फक्त माझं नाव नीट सांगा. लोकांच्या हाताला अजून तुमचंच नाव लिहायची सवय आहे."

"टपावर मला चढवणार नाही. खोका घेऊन येतो."

ताकाफुमिने माझ्याकडे पाहिले. "खोका नको, बाबा. खोका आता तिचा झालाय. आपण नक्कल केली म्हणतील."

नक्कल! मी जागच्या जागी होतो, पण माझी मधली फळी त्या शब्दाने करकरली असावी, कारण सातोए यांनी खाली वाकून पाहिले.

"नक्कल?" सेइजिरो म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "तू जन्मला नव्हतास तेव्हापासूनचा आहे हा. खोका आला तर मी येईन."

"ठीक आहे. आणा. पण तीनच मिनिटं. बरोबर आठला भोंगा बंद करावा लागतो, तुम्हाला माहीत आहे."

"मला शिकवतोस?"

सातोए मध्ये पडल्या. "चहा घेऊन जा रे, ताकाफुमि."

त्याने चहा घेतला नाही.

शनिवारी सातोए यांनी मला ओल्या फडक्याने पुसले. निळे कापड उसवले होते, ते दोन टाके घालून बसवले. मासळी बाजारासमोर गर्दी बरी होती. आधी ताकाफुमि टपावरून बोलला. बंदराची खोली, मासेमारीचे अनुदान, रस्त्याचा दुसरा टप्पा. गोड आवाज, नीट वाक्ये. टाळ्या झाल्या. मग तो खाली उतरला, मला पालथा घालून जागेवर ठेवण्यात आले आणि सेइजिरो यांनी सातोएंच्या खांद्यावर हात ठेवून माझ्यावर पाय ठेवला. सातोए माझ्या डाव्या अंगाला सरकल्या. जुनी जागा.

"मी लहान माणूस," सेइजिरो म्हणाले. "या खोक्यामुळे तुम्हाला दिसायचो."

"अजूनही दिसत नाहीस, दादा!" मासळी निवडणाऱ्या बायकांतली एक ओरडली. "टोपी तेवढी दिसतेय!"

"टोपीला मत द्यायचीस तू पूर्वी!"

पटांगण हसले. असे हसू मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. ते वसंतातल्या आजाराबद्दल बोलले, न वळणाऱ्या हाताबद्दल बोलले, आणि मग रुग्णालयाबद्दल. "ते बंद झालं तेव्हा मी जोरात बोलायला हवं होतं. बोललो नाही," ते म्हणाले. पाय स्थिर होते. एकदाही बदलले नाहीत. आणि मग, सात निवडणुकांत ज्या ओघाने येत आले त्याच ओघाने, ते वाक्य आले. चवड्यांवर एकदा. "काजिवारा." चवड्यांवर पुन्हा एकदा. "सेइजिरो!"

मी शपथेवर सांगतो, ते ठरवून झाले नाही. पायांनी ते नाव जिभेच्या आधी म्हटले होते.

आधी कोणाच्या लक्षात आले नाही. टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो प्रचाराच्या बारा दिवसांत ताकाफुमिसाठी एकदाही झाला नव्हता. "सेइजिरो! सेइजिरो!" बायका ओरडू लागल्या. पांढरे हातमोजे घातलेली, गाडीतून नाव पुकारणारी मुलगी तोंडावर हात धरून उभी राहिली. ताकाफुमिचा चेहरा मला दिसला नाही, बूट दिसले. ते हलले नाहीत.

सातोए यांनी बाही ओढली. "अहो. नाव."

सेइजिरो यांनी ऐकले. त्यांना कळले. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण त्याच क्षणी त्यांच्या टाचा खाली टेकल्या आणि सगळा भार माझ्यावर आला, जमिनीत रोवलेल्या खांबासारखा. हातात माइक होता. वेळ होता. "माझं नव्हे, मुलाचं" असे तीन शब्द म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट होता. लोक त्यांचे नाव घेत होते आणि ते उभे होते.

आणि मी? मला वाटत होते, हे असेच चालू राहावे. धक्क्यावरच्या त्या दुसऱ्या खोक्याला हे ऐकू जावे. मला त्याखेरीज काही नको होते.

"बाबा!" ताकाफुमि म्हणाला.

सेइजिरो यांनी माइक तोंडाशी नेला. त्याच वेळी बाजाराच्या घड्याळात आठ वाजले आणि गाडीतल्या माणसाने नियमाप्रमाणे कळ बंद केली. त्यांचे ओठ हलले, पण आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. आठनंतर रस्त्यावर भाषण करता येत नाही, आणि मतदानाच्या दिवशी कोणालाही मत मागता येत नाही. चूक दुरुस्त करण्याची वाट तिथेच संपली.

फोन मात्र मध्यरात्रीपर्यंत करता येतात. कचेरीतल्या सगळ्यांनी ते केले. ताकाफुमिने स्वतः केले. त्याआधी तो वडिलांसमोर येऊन उभा राहिला होता.

"चुकलात ना, बाबा? चुकूनच आलं ना तोंडात?"

"हो."

"मग नंतर..."

पुढचे न विचारता तो फोनकडे वळला.

आज रविवार. कामिउराच्या शाळेत मतदान चालू आहे. वडिलांचे नाव लिहिलेली मते बाद होतील की आडनावामुळे मुलाच्या नावावर धरली जातील, याबद्दल कचेरीत दोन मते आहेत. ते मोजणीच्या टेबलावरच ठरेल. आणि ताज्या अंदाजानुसार ताकाफुमि आणि हात्सुने यांच्यात मुठीत मावेल एवढाच फरक आहे. कोण पुढे, ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

दुपारी तीनच्या सुमारास सातोए यांनी छोटा टेंपो शाळेच्या आवारात उभा केला. मी मागे होतो. कालपासून मला कोणी उतरवलेच नव्हते. शेजारी मुकाइ यांचा टेंपो होता. तोडणीचा हंगाम आहे, निवडणूक असो वा नसो. त्यात खोक्यांची रास होती. बाकीचे सगळे प्लॅस्टिकचे. सर्वांत वर, माझ्यापासून हातभर अंतरावर, माझा जुळा.

एवढ्या वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो. त्याने मला ओळखले की नाही, कळले नाही. माझा शिक्का कापडाखाली होता. कालपर्यंत भाषणे ऐकून आज तो पुन्हा काठोकाठ भरला होता. त्याच्यातून संत्र्यांचा वास येत होता, सालीचा, पानांचा, ओल्या देवदाराचा. माझ्यात काहीच नव्हते. मित्रांनो, काल सगळे पटांगण गाजत असताना मला जेवढा हेवा वाटला नाही, तेवढा तिथे वाटला.

हात्सुने मतदान करून बाहेर आली. सेइजिरो यांना पाहून थांबली.

"काका, काल रुग्णालयाबद्दल बोललात. बाबांना सांगितलं मी."

"काय म्हणाला सोहाचि?"

"म्हणाले, उशिरा बोलला, पण बोलला."

सेइजिरो मान खाली घालून उभे राहिले. "त्यानंतर चुकलो मी."

"हो. रात्री आमच्या आळीतल्या तिघींचे फोन आले. विचारत होत्या, सेइजिरो-सान उभे आहेत का? मी सांगितलं, नाहीत. ताकाफुमि-सान आहेत. त्यांना द्यायचं असेल तर त्यांचं नाव लिहा."

"तू सांगितलंस?"

"मग काय करू? कोऱ्या कागदावर चुकीचं नाव लिहून याव्यात त्या?" ती हसली. मग सवयीने तिने माझ्या जुळ्यातून दोन संत्री उचलली, पुढे केली आणि तशीच थांबली. "आज नाही देता येणार, काका. उमेदवार आहे ना मी. मतदाराला संत्रंसुद्धा द्यायचं नसतं. उद्या आणून देते."

तिने संत्री परत ठेवली. तिचा टेंपो गेला. वास थोडा वेळ मागे राहिला.

सेइजिरो तिथेच उभे होते. "ताकाफुमिचं नावसुद्धा तिनंच सांगितलं," ते सातोए यांना म्हणाले. "ते माझं काम होतं."

"चला आत," सातोए म्हणाल्या. "माझं झालं सकाळीच. मी थांबते इथं."

मित्रांनो, मी खोका आहे. मला तुम्हाला फार काही शिकवता येणार नाही. पण तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादे जुने माणूस असेल. त्यांना रोज थोडे काम द्या. रोज एखादी गोष्ट विचारा. कोठीत ठेवून, मग एकदम शेवटच्या दिवशी, तीन मिनिटांसाठी बोलावू नका. त्या तीन मिनिटांत ते सगळ्या वर्षांचे राहिलेले मागून घेतात.

सेइजिरो हळूहळू चालत आत गेले. नाव लिहायला माणसाला फार वेळ लागत नाही. त्यांना लागला. बाहेर वाट पाहणाऱ्या दोन मतदारांनी दाराकडे पाहिले. सातोए यांनी पाहिले नाही. त्या टेंपोच्या मागे आल्या, काल घातलेले टाके नखाने उसवू लागल्या आणि निळे कापड त्यांनी घडी घालून खिशात ठेवले.

सेइजिरो बाहेर आले तेव्हा उजव्या हाताच्या बोटांना पेन्सिलीचा काळेपणा होता. कोणाचे नाव लिहिले, ते सातोए यांनी विचारले नाही. टेंपोत बसण्याआधी त्यांनी माझ्या फिकट शिक्क्यावर तळहात ठेवला आणि काढला.

आता चार वाजले आहेत. कामिउराचे मतदान केंद्र सहापर्यंत उघडे आहे.